सुई बारीक, पण औषधच



लग्नसराई आली की आम्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे गर्दी वाढते. एकदा एक वधूमाय आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, लग्न आठ दिवसांवर आलंय. कपाळावरच्या आठ्या तेवढ्या घालवा." मी त्यांना नाही म्हटलं. का, ते सांगतो.

आठ्यांवर देतात ते बोटॉक्स. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नातून घातक विषबाधा करणाऱ्या जंतूचंच हे विष, अतिसूक्ष्म मात्रेत. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन करूथर्स पापण्या आकसण्याच्या विकारावर हे इंजेक्शन देत. १९८७ साली त्यांच्या लक्षात आलं, की त्यामुळे भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या पतीसह त्यांनी अभ्यास केला, तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. २००२ साली अमेरिकेत या वापराला मान्यता मिळाली.

मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही, स्नायू सैलावतो आणि आठी विरते. पण पूर्ण परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. क्वचित पापणी खाली उतरते. ती आपोआप सावरते, पण त्याला काही आठवडे लागतात. ऐन लग्नात असं झालं तर?

दुसरा उपाय फिलरचा. त्वचेत मुळातच असणारं, पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक आम्ल खोलगट भागात भरतात. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर तिथली त्वचा मरू शकते. क्वचित दृष्टीही जाते. हे फिलर विरघळवणारं औषध आहे, पण ते हाताशी हवं आणि वेळीच देणारा जाणकारही हवा. पार्लरमध्ये 'स्वस्तात' सुई टोचून घेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तिसरा उपाय केमिकल पीलचा. आम्लाच्या लेपाने त्वचेचा वरचा थर काढतात. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेला इथे विशेष जपावं लागतं. लेप तीव्र झाला किंवा नंतर ऊन लागलं, तर उजळपणा राहतो बाजूला आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

हे उपाय वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मी स्वतः ते करतो. मात्र आधी विचारा: सुई कोण टोचणार? बाटलीत नेमकं काय आहे? बिघडलं तर काय करणार? गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी बोटॉक्स आणि फिलर टाळावेत. आणि उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, कारण सुरकुत्या आणि डाग वाढवण्यात उन्हाचा वाटा मोठा असतो.

त्या बाईंना म्हटलं, कार्य उरकल्यावर या. त्या हसल्या. "तोवर आठ्याच जातील हो, त्या कार्याच्या काळजीनंच पडल्यात!"

पुन्हा काही त्या आल्या नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)