एझर्ड चार्ल्स आणि प्रतिस्पर्ध्यांची प्रत

व्यावसायिक मुष्टियुद्धात एखाद्या खेळाडूला आयुष्यभर किती कठीण प्रतिस्पर्धी मिळाले हे ठरवताना त्याने हरवलेल्या नामवंतांची यादी पुढे केली जाते. परंतु लढतीच्या दिवशी तो नामवंत कोणत्या अवस्थेत होता, त्याचे वय व वजन काय होते आणि त्याला टाळण्याची मुभा समोरच्याला होती की नव्हती, हे पाहिल्याशिवाय त्या यादीला फारसा अर्थ उरत नाही. अमेरिकेच्या एझर्ड चार्ल्सची कारकीर्द या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगी आहे. 27 सप्टेंबर 1950 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये त्याने जो लुईसला 15 फेऱ्यांत गुणांवर हरवले आणि बहुतेकांना तो ठाऊक आहे तो याच विजयामुळे. मात्र तेव्हा लुईस 36 वर्षांचा होता आणि निवृत्तीनंतर, थकलेल्या प्राप्तिकरापायी, पुन्हा रिंगणात उतरला होता. चार्ल्सची खरी परीक्षा त्याआधीच, पिट्सबर्ग आणि क्लीव्हलंडसारख्या शहरांतील, कोणताही किताब पणाला नसलेल्या लढतींत होऊन गेली होती.

ती तेथे का झाली, याचे उत्तर त्या काळच्या व्यवस्थेत आहे. कृष्णवर्णीय आव्हानवीरांना किताबाची लढत नाकारण्याच्या अलिखित प्रथेला ‘कलर लाइन’ म्हणत. 1937 मध्ये लुईस हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटाचा, विजेता झाल्यावर ही रेषा पुसट झाली खरी. पण मधल्या वजनी गटांत तिची जागा हिशेबाने घेतली. अत्यंत कुशल, पण तिकीटविक्रीत फारशी भर न घालणारा कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे धोका मोठा आणि कमाई थोडी, म्हणून विजेत्यांचे व्यवस्थापक त्याला दूरच ठेवत. त्यातच महायुद्धात मिडलवेट म्हणजे 160 पौंडांच्या गटाचा विजेता टोनी झेल आणि लाइट हेवीवेट म्हणजे 175 पौंडांच्या गटाचा विजेता गस लेस्नेविच हे दोघेही लष्करी सेवेत गेल्याने त्यांचे किताब गोठवले गेले. परिणामी चार्ली बर्ली, होलमन विल्यम्स, लॉइड मार्शल, जॅक चेस, एडी बुकर अशा खेळाडूंना पोटासाठी पुन्हा पुन्हा एकमेकांशीच लढावे लागले. या मंडळींना पुढे ‘ब्लॅक मर्डरर्स रो’, म्हणजे एकाहून एक घातक कृष्णवर्णीयांची रांग, असे नाव पडले.

या रांगेतील पिट्सबर्गचा बर्ली जवळून पाहण्यासारखा आहे. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा हुकवून, त्याचा तोल ढळताच उलट ठोसा लगावण्यात तो इतका तरबेज होता की 1944 मध्ये हॉलिवूडमध्ये त्याने आर्ची मूरला खाली पाडून 10 फेऱ्यांत निर्विवाद हरवले, आणि आपल्याला भेटलेला सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून मूरने पुढे त्याचेच नाव घेतले. जागतिक किताबाची एकही लढत बर्लीला मिळाली नाही; नंतर पिट्सबर्गमध्ये कचरा गोळा करण्याच्या नोकरीवर त्याने संसार चालवला. असा बर्ली मे आणि जून 1942 मध्ये, महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने, त्याच्याच शहरात दोनदा हरला तो चार्ल्सकडून, आणि चार्ल्सला तेव्हा 21 वे वर्षही पुरे झाले नव्हते. लुईसवरील विजयापेक्षा या दोन विजयांचे मोल अधिक मानले पाहिजे.

पराभवही त्याच्या वाट्याला आले. 1943 च्या आरंभी जिमी बिव्हिन्सने त्याला गुणांवर हरवले आणि मार्शलने तर वारंवार खाली पाडून आठव्या फेरीत त्याची लढत संपवली. पण लष्करी सेवेतून परतल्यावर चार्ल्सने मार्शलला दोनदा, तर बिव्हिन्सला एकूण चारदा हरवले. मूरशी 1946 ते 1948 या काळात तीन लढती झाल्या आणि तिन्ही चार्ल्सने जिंकल्या, शेवटची आठव्या फेरीतील नॉकआउटने. जोई मॅक्सिमला त्याने पाच वेळा हरवले. हाच मॅक्सिम 1950 मध्ये लाइट हेवीवेटचा विजेता झाला आणि 1952 मध्ये मूरने तो किताब त्याच्याकडून मिळवला. चार्ल्सला मात्र त्या किताबासाठी एकदाही संधी मिळाली नाही. मुष्टियुद्धाच्या इतिहासातील हा उघड अन्याय आहे. त्यामुळेच तो स्वतःपेक्षा जड माणसांच्या गटात गेला आणि जून 1949 मध्ये शिकागोत जर्सी जो वॉलकॉटला हरवून हेवीवेटचा रिकामा किताब त्याने मिळवला.

1954 च्या जूनमध्ये, किताब गमावून तीन वर्षे झालेली असताना, तो अजिंक्य रॉकी मार्सियानोसमोर पूर्ण 15 फेऱ्या उभा राहिला. सप्टेंबरच्या दुसऱ्या लढतीत त्याच्या ठोशाने मार्सियानोची नाकपुडी अशी फाटली की लढत थांबवण्याची वेळ जवळ आली होती, पण आठव्या फेरीत चार्ल्सच कोसळला. त्यानंतर पैशांच्या ओढगस्तीमुळे तो 1959 पर्यंत लढत राहिला. त्याच्या एकूण पराभवांपैकी जवळजवळ निम्मे या उतरत्या वर्षांतले असून, पूर्वी ज्यांना त्याच्यासमोर उभे राहणे कठीण गेले असते अशा खेळाडूंनी ते दिले. म्हणून केवळ पराभवांचा आकडा पाहून चार्ल्सला लुईस किंवा मार्सियानोच्या खालच्या पायरीवर बसवणारे मूल्यमापन 1942 ते 1948 या वर्षांकडे डोळेझाक करते.