फुकटचं स्टिअरिंग

मी सहा वर्षं ट्रकवर क्लिनर होतो. टायर ठोकले, काचा पुसल्या. आडनाव कळलं तसं उस्तादनं स्टिअरिंग शिवू दिलं नाही. माझी शाळा सातवीत सुटलेली. आठवी पास नाही तर ट्रकचं लायसन नाही, असा नियम होता. ती अट २०१९ साली उठली.

मग एका कंपनीनं फुकट ट्रेनिंग देऊ केलं. हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं लागतं, ते होतं. कागद न वाचता सही ठोकली. फुकट कसलं! दोन वर्षांचा बॉण्ड. आधी सोडलं तर सगळा खर्च भरा. सोळा-सोळा तास गाडी मारली. झोप येते म्हटलं की मॅनेजर बॉण्ड काढायचा. स्टिअरिंग माझ्या हातात, ॲक्सिलेटरवर पाय कंपनीचा.

एका रात्री कसारा घाटात डोळा लागला. कठडा हातभर राहिला. पुढं कळलं, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलं होतं. तो कागद मला कुणी दाखवला नाही.

पोरांनो, गाडी शिका. जरूर शिका. पण सहीचा कागद एकट्यानं वाचू नका. चौघं बसा, मोठ्यानं वाचा, मगच पेन उचला.