किल्ल्यांचा छल्ला

लग्न होऊन मी मिरजेस सासरी आले, त्या वेळी सासूबाईंच्या कमरेला चांदीचा एक छल्ला असे आणि त्यात सात किल्ल्या असत. कोठीची, फडताळाची, दागिन्यांच्या पेटीची, परसदाराच्या कुलपाची. उरलेल्या तिघींची कुलपे केव्हाच हरवली होती, तरी त्या किल्ल्या छल्ल्यातून काढाव्यात असे कोणाच्या मनात आले नाही. सासूबाई चालू लागल्या की छल्ला वाजे आणि मुले लाडवांच्या डब्यापासून दूर होत. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या. एके दुपारी त्यांनी तो छल्ला उशाखालून काढून माझ्या हाती ठेवला आणि कूस बदलली. घरातील सत्तांतर तेवढ्यावर पुरे झाले.

आज मी बंगळूरच्या उत्तर भागात, हेब्बाळ येथे, लेकीकडे राहते. या गावाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती सतराव्या शतकात, आणि बाळशिवाजींचे काही दिवस या शहरात गेले. हेब्बाळच्या हमरस्त्यावर आजही एका मोठ्या इमारतसमूहावर किर्लोस्करांचे नाव दिसते आणि परमुलखात डोळ्यांना बरे वाटते. एका बाजूला जुने तळे आणि त्यावर उतरणारे पक्षी, दुसऱ्या बाजूला उड्डाणपूल आणि त्यावर खोळंबलेल्या मोटारी, असे हे ठिकाण. त्या मोटारींत बसलेल्यांपैकी पुष्कळांचा धंदा संगणकाचा. म्हणजे सबंध जगाला परवलीचे शब्द विचारणाऱ्या यंत्रांची जेथे उठाठेव चालते, नेमक्या तेथेच माझ्यावर एक परवलीचा शब्द शोधत बसण्याची पाळी यावी, हा योग मोठा चमत्कारिक खरा.

माझे यजमान गेले त्याला आता दोन वर्षे होतील. घरातील किल्ल्या माझ्याकडे आणि परवलीचे शब्द त्यांच्याकडे, अशी आमच्या संसाराची वाटणी कोणी न ठरवताच होऊन गेली होती. विजेचे बिल, गॅसची नोंदणी, रेल्वेची तिकिटे, विम्याचे हप्ते, निवृत्तिवेतनाचा हिशेब, हे सारे ते मोबाईलवर बोट फिरवून करीत, आणि मी ‘झाले का?’ एवढे विचारीत असे. दिवसवार उरकल्यावर लेकीने त्यांचा मोबाईल उघडावयास घेतला, तेव्हा त्याने सहा आकडे मागितले. आम्ही त्यांची जन्मतारीख घातली. मग लग्नाची तारीख, मग नातवाची. प्रत्येक चुकीनंतर ते यंत्र अधिकाधिक अढी धरीत गेले. आधी म्हणाले एक मिनिट थांबा, मग पाच, मग पंधरा. ज्या माणसाबरोबर चव्वेचाळीस वर्षे काढली, त्याच्या दाराशी मी परक्या बाईसारखी उभी होते.

परवलीचा शब्द ही मूळची पहारेकऱ्याची वस्तू. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन छावणीतील पद्धत वर्णिली आहे. सूर्यास्ताच्या सुमारास त्या रात्रीचा शब्द लाकडी पट्टीवर लिहून दिला जाई. ती पट्टी तुकडीतुकडीतून हातोहात फिरे आणि अंधार पडण्याच्या आत अधिकाऱ्याकडे परत येई. एखादी पट्टी आली नाही, तर ती कोठे अडली हे तत्काळ कळे. त्या व्यवस्थेतील दोन गोष्टी मला मोठ्या शहाणपणाच्या वाटतात. शब्द सर्वांना मिळून एक होता, आणि त्याचे आयुष्य एका रात्रीचे होते. शंभर दारांचे शंभर शब्द एकाच शिपायाने जन्मभर लक्षात ठेवावेत, असे त्या कडक शिस्तीच्या लोकांनाही सुचले नाही.

संगणकाच्या दारावर हा पहारा बसला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेत, 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. एक अवाढव्य यंत्र आणि ते वापरणारे अनेक. प्रत्येकाचे काम निराळे राहावे म्हणून फर्नांडो कोर्बाटो यांच्या व्यवस्थेत प्रत्येकास एकेक पासवर्ड मिळाला. हेतू किती साधा! वाड्यातील बिऱ्हाडकरूंनी आपापल्या खोलीस कडी घालावी, इतकाच. परंतु 1962 साली त्याच संस्थेतील ॲलन शेर या विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याचा वेळ पुरत नाही म्हणून, सर्वांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. 1966 साली तर एका गफलतीने ती सबंध यादी, यंत्रापुढे बसणाऱ्या प्रत्येकास रोजच्या सूचनेच्या जागी दिसू लागली. म्हणजे कुलूप आणि चोरी यांचे जन्म जवळजवळ एका पाळण्यात झाले. कोर्बाटो 2019 साली वारले. तत्पूर्वी, या शब्दांचा पुढे जो सुळसुळाट झाला तो दुःस्वप्नासारखा आहे, अशी कबुली त्यांनीच दिली होती.

यानंतर पंडित मंडळी माणसाच्या मागे लागली. 1979 साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या दोघांनी 3,289 पासवर्ड गोळा करून तपासले. त्यांतले 86 टक्के सहज हुडकता येण्याजोगे निघाले, आणि पंधरा जणांनी तर एकच अक्षर ठेवले होते. त्या पंधरा जणांविषयी मला मनातून आपुलकी वाटते. पुढे 2003 साली अमेरिकेतील मानक ठरविणाऱ्या सरकारी संस्थेतले बिल बर्र यांनी नियमावली लिहिली. शब्दात लहान अक्षर असावे, मोठे असावे, आकडा असावा, एखादे विचित्र चिन्ह असावे, आणि तो वेळोवेळी बदलावा, असा जो आचारधर्म आज आपण पाळतो, त्याचा उगम बव्हंशी या कागदात आहे. चौदा वर्षांनी, 2017 साली, या गृहस्थांनी आपल्याला त्या उपदेशाचा पश्चात्ताप होतो असे मोकळेपणाने सांगितले, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने नियम फिरविले. उगीच बदलावयास लावू नका, चिन्हांची सक्ती नको, शब्द लांब असू द्या, असे नवे वचन आले. तथापि आमच्या इकडच्या दारांवरील पहारेकऱ्यांपैकी बहुतेकांना ही वार्ता अजून पोहोचलेली दिसत नाही. ‘आपल्या शब्दात एक चिन्ह हवे’ असे ते मला परवापरवापर्यंत बजावीत होते.

असल्या वेळी मला हिरकणीची गोष्ट आठवते. रायगडाचे दरवाजे सूर्यास्तास बंद झाले की कोणासाठी उघडावयाचे नाहीत, हा हुकूम. घरी तान्हे मूल, म्हणून ती गवळण रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असे दंतकथा सांगते. आपण लहानपणापासून यात आईचे काळीज पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या गोष्टीत पहाऱ्याचेही एक शास्त्र आहे. दरवाजा जितका ताठर, तितकी माणसे कड्याची वाट शोधतात. नियम वाढले की कोणी मुलाच्या नावापुढे एक, दोन, तीन लावतो, कोणी तोच शब्द दहा ठिकाणी वापरतो, कोणी कागदावर लिहून तो साखरेच्या डब्याखाली सरकवितो. त्याला निष्काळजी म्हणून रागे भरण्याने काय साधणार? त्याचे मूल घरी रडत असते. त्याला विजेचे बिल आजच भरावयाचे असते.

माझ्या यजमानांनीही कडा उतरण्याची स्वतःची वाट काढली होती. त्यांच्या टेबलाच्या खणात तपकिरी पुठ्ठ्याची एक वही सापडली. लेक हरखली. उघडून पाहतो तो आत शब्द नव्हतेच. पासवर्ड कोठेही लिहून ठेवू नये ही बँकेची ताकीद या शिस्तीच्या माणसाने अक्षरशः पाळली होती आणि शब्दांऐवजी खुणा लिहिल्या होत्या. ‘रेल्वे: पहिल्या बदलीचे गाव, उलटे.’ ‘वीज: कपिला आणि तिची वासरे.’ ‘मोबाईल: आण्णांचा सायकल नंबर.’ असे एकवीस. चोर आला असता तरी डोके धरून बसला असता. आम्हीही तेच केले.

पुढचे काही आठवडे मी ती वही सोडवीत होते. सायकलीचा नंबर मिळाला तो मिरजेच्या माळ्यावरील जुन्या परवान्याच्या बिल्ल्यावर. कपिला ही त्यांच्या लहानपणची गाय, एवढे मला ठाऊक होते, परंतु तिची वासरे किती? मी दिरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘वहिनी, तीन.’ तीनने दार उघडेना. तासाभराने त्यांचाच फोन आला. ‘वहिनी, एक जन्मतःच गेले होते. दादा त्या दिवशी जेवला नव्हता.’ मी चार घातले आणि विजेचे खाते उघडले. खाली रक्कम होती आठशे चाळीस रुपये. मी ती भरली, पण पडद्यावरचे आकडे मला नीट दिसत नव्हते.

बँकेच्या खात्याची खूणही सुटली. तो शब्द घेऊन मी शाखेत गेले. तेथील तरुण अधिकारी मला ‘अज्जी’ म्हणाला. कानडीत आणि मराठीत या नात्याचे नाव इतके जवळ आहे की मला परके वाटले नाही. तो म्हणाला, शब्द बरोबर असला तरी तो आता वापरू नका. खातेदार गेला की त्याचा शब्दही संपला. मृत्यूचा दाखला आणा, वारस म्हणून नेमणूक असेल तर काम सरळ होईल. त्या खात्यावर माझी नेमणूक होती. परंतु वहीत आणखी एका जुन्या खात्याचा उल्लेख होता, आणि त्यावर नेमणूक सासूबाईंची. त्यांना जाऊन तीस वर्षे झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी भरलेला तो अर्ज बदलावा असे यांना कधी सुचले नाही. दहा वर्षांहून अधिक काळ न हललेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2023 साली ‘उद्गम’ या नावाची सोय केली आहे. तेथे नातवाने आजोबांचे नाव शोधले, आणि खाते सापडले. गंमत अशी की, त्या दाराशी प्रवेश मिळविण्यासाठी आधी एक नवा पासवर्ड तयार करावा लागला! असो. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्यावर चौघांपर्यंत नेमणुका करता येतात. माझे बोलणे ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या खात्यावर अद्याप दिवंगत आईचे नाव असेल, त्यांनी या आठवड्यात बँकेत एक फेरी मारावी, एवढे मात्र मी आवर्जून सांगेन.

नातू म्हणतो, आजी, आता शब्द जाणारच. बोट किंवा चेहरा दाखविला की पुरे. त्याचे म्हणणे खरे असेल. आधारचा पहिला क्रमांक देशात दिला गेला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, 29 सप्टेंबर 2010 रोजी. परंतु बोटांचेही आयुष्य असते. दरवर्षी नोव्हेंबरात मला हयातीचा दाखला द्यावा लागतो, कुटुंबनिवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून. पहिल्या खेपेस यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही. पन्नास वर्षे भांडी घासून आणि पाटा-वरवंटा ओढून त्यावरील रेषा झिजल्या होत्या. शेवटी चेहरा दाखविला, पापण्या मिटून उघडल्या, तेव्हा मी जिवंत असल्याचे सरकारास पटले.

हेब्बाळात 2018 साली नाल्याचे खोदकाम चालू असता एक वीरगळ सापडला. इसवी सन 750 च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला. या प्रदेशासाठी लढताना पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराची हकीकत त्यावर कोरली आहे. बाराशेहून अधिक वर्षे ते नाव चिखलात राहिले आणि वर येताच जाणत्यांना वाचता आले, कारण ते कोणापासून लपविण्यासाठी लिहिलेच नव्हते. आमच्या तपकिरी वहीचे तसे नाही. ती वाचता येणारे माणूस आज पृथ्वीवर एकच आहे, आणि तेही आता विसरू लागले आहे.

एकवीसांपैकी वीस खुणा सुटल्या. शेवटची राहिली आहे. ‘फोटो: तिने म्हटलेले, स्टेशनवर.’ ‘तिने’ म्हणजे मीच, यात शंका नाही. स्टेशन मिरजेचे असावे. नव्या नवलाईत त्यांची बदली झाली, तेव्हा पोचवावयास मी गेले होते. फलाटावरील गर्दी आठवते, मामंजी आठवतात, गाडी दीड तास उशिरा आली होती तेही आठवते. मी काय म्हणाले, ते आठवत नाही. त्यांनी मात्र ते जपून ठेवले आणि त्याचे कुलूप केले. संध्याकाळी तळ्याकाठी बसते तेव्हा एकेक वाक्य मनाशी जुळवून पाहते. पत्र पाठवा, हे घालून पाहिले. लवकर या, हेही पाहिले. परवा रात्री एकदम वाटले की, फिरकीचा तांब्या घेतला का, एवढेच मी विचारले असणार. सासऱ्यांच्या देखत त्याहून अधिक बोलण्याची आमच्या वेळी प्राज्ञा नव्हती. उठून दिवा लावला, नातवाला उठविले, आणि त्याच्याकडून तसे टिपून घेतले.

तेही नव्हते.