दिव्याचा प्रकाश आणि विश्वाचे उत्तर



दिवा लावल्यावर प्रकाश पसरतो, आधी नव्हे. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही प्रश्न दडला असेल, असे वाटतच नाही. परंतु मॅक्सवेलची विद्युतचुंबकीय समीकरणे काळाच्या दोन्ही दिशांना सारखीच लागू पडतात. मग निसर्गात एकच दिशा का दिसावी?

१९४५ साली जॉन व्हीलर व रिचर्ड फाइनमन यांनी याचे विलक्षण उत्तर मांडले. विद्युतभारित कणांच्या दरम्यान क्षेत्र नावाची स्वतंत्र वस्तू नाही; कण कणावर थेट क्रिया करतो, निम्मी भविष्याकडे व निम्मी भूतकाळाकडे. विश्वातील इतर सर्व कण तिला प्रतिसाद देतात. त्यामुळे भूतकाळाकडील भाग पुसला जातो आणि भविष्याकडील भाग पूर्ण होतो. अट एकच : बाहेर पडलेला सर्व प्रकाश विश्वाने पुढे केव्हातरी शोषून घेतला पाहिजे.

प्रसरण पावणाऱ्या विश्वात ही अट पुरी होते काय? १९६२ साली हॉगार्थ यांनी हा प्रश्न विचारात घेतला. पाठोपाठ केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल आणि कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर यांनी गणित मांडले. सतत विरळ होत जाणाऱ्या विश्वात शोषण अपुरे पडते. नवे द्रव्य निर्माण होत राहणाऱ्या स्थिर स्थितीच्या विश्वात ते पूर्ण होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. परंतु १९६५ साली सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ स्थिर स्थितीच्या सिद्धांतापासून दूर गेले.

एका दिव्याचे वर्तन साऱ्या विश्वावर अवलंबून, हे ऐकून आपल्याला प्रतीत्यसमुत्पाद आठवतो. ‘पाहा, विज्ञानाने धम्म सिद्ध केला’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आपण टाळू या. आम्हा वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना निदान कितीही आवडते असले, तरी तपासणी विरुद्ध गेली की ते सोडावे लागते. एखाद्या सिद्धांताच्या खुंटीवर धम्म टांगला, तर खुंटी निखळल्यावर आपण मुलांना काय सांगणार?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात माणसाचे माणसाशी असलेले नाते धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले. त्याला भौतिकशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही. परदेशात वाढणारी आपली मुले प्रश्न विचारतील, तेव्हा ‘हे अद्याप ठरलेले नाही’ असे निर्भयपणे सांगता येणे, हीच कालामांना दिलेल्या उपदेशाशी आपली खरी निष्ठा होय.

नमो बुद्धाय. जय भीम.