मूठभर पीठ, कुपीतले तेल

(सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीच्या त्रिदिनी प्रार्थनेत केलेले प्रवचन)



महोत्सव जवळ आला म्हणजे मागील वर्षांचा हिशेब काढावासा वाटतो. बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, देवळाच्या छपरास खर्च किती आला, घंटा कोणाच्या देणगीतून आली, हे सर्व ह्या स्मरणिकेत अन्यत्र छापले आहे. त्याची पुनरुक्ती करून आम्ही आपला वेळ घेत नाही. ज्या विषयावर आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत तो कोणत्याच वहीत नोंदला जात नाही. देव उदार आहे असे आपण रोज म्हणतो. त्यावर आपला खरोखर भरवसा किती?

देव आहे की नाही, ही शंका आपल्यापैकी फार थोड्यांस सतावते. आपली शंका निराळी. देव आहे खरा, परंतु तो आम्हांस पुरेल इतके देईल काय, ही ती शंका. ती सहसा देवळात येत नाही. रात्री दिवा मालवला आणि घरची मंडळी निजली म्हणजे ती उशाशी येऊन बसते. मुलीचे लग्न, मुलाच्या कॉलेजची फी, सोसायटीचे कर्ज, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी, एकेक आकडा ती पुढे मांडू लागते. ज्या नाशकात 1928 सालापासून सरकारी नोटा छापल्या जात आहेत, त्या नाशकातही नोटा पुरल्या असे म्हणणारा गृहस्थ आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे!

कित्येक वडीलधारी माणसे म्हणतात, शंका हेच पाप. मनात आली की जपमाळ हाती घ्यावी व तिला हाकलून द्यावे. जपमाळ अवश्य घ्यावी. परंतु शंका येताच मनुष्य पापी ठरतो, असे आम्ही शिकवीत नाही, व पवित्र शास्त्रही तसे शिकवीत नाही. स्नानसंस्कारी योहान, ज्याने यार्देनेच्या काठी प्रभूकडे बोट दाखविले, त्याच योहानाने पुढे तुरुंगातून शिष्य पाठवून, येणार होता तो तूच काय, असे विचारविले. प्रभूने त्यास दोष दिला नाही. उलट लोकांपुढे त्याची थोरवी गाइली. आजारी मुलाच्या त्या बापाची गोष्टही आपण ऐकली आहे. त्याने आपला विश्वास व आपला अविश्वास एकाच श्वासात प्रभूपुढे ठेवला. आधी विश्वास पुरा करून ये, मग मुलास बरे करू, असे प्रभू म्हणाला नाही. मुलगा त्याच वेळी बरा झाला.

आपल्या जवळचेच एक उदाहरण द्यावयाचे तर लक्ष्मीबाई टिळकांचे देता येईल. 1868 साली त्यांचा जन्म झाला तो नाशिकजवळच्या जलालपुरात, व 1936 साली त्यांचा अंत झाला तो नाशकातच. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, तथापि सत्य सांगणाऱ्याचा पंथ आम्ही विचारीत नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 साली. मधली पाच वर्षे संतापाची, लोकलज्जेची, रडण्याची आणि विचार करण्याची गेली. ह्यांतील काहीही त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना लपविले नाही. पुष्कळ ठिकाणी तर स्वतःलाच हसून घेतले. ज्या शंकेस मोकळेपणाने बोलता येते तिचे आम्हांस भय वाटत नाही. जी शंका मुकाट्याने मूठ आवळून बसते, ती मात्र आत्म्यास घातक.

मूठ आवळून बसण्याचे कारण पुरेसे होते अशी एक बाई शास्त्रात आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातील सारफथची विधवा ती हीच. देशात पाऊस नाही. घरी मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल. ती वेशीपाशी काटक्या वेचीत आहे. त्यांवर एक भाकर भाजावी, आपण व मुलाने खावी, मग मरणाची वाट पाहावी, एवढाच तिचा बेत. आणि नेमका त्या घटकेस एलिया हा परका मनुष्य येऊन, आधी मला भाकर दे, असे म्हणतो! आपल्या घरी असा अतिथी आला असता तर आपण काय उत्तर दिले असते, हे ज्याचे त्याने मनात पाहावे. त्या बाईने दिली. आणि पाऊस पडेपर्यंत पीठ सरले नाही, तेल आटले नाही.

येथवरची गोष्ट सर्वांस पाठ आहे. तिच्यातल्या दोन गोष्टींकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही.

मडके सरले नाही असे शास्त्र सांगते; ते काठोकाठ भरले असे कोठेही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईने झाकण काढले तेव्हा आत काय दिसले असेल? आमच्या समजुतीप्रमाणे पुन्हा मूठभर पीठच. तिसऱ्या दिवशीही तेवढेच. बाजारात नेऊन विकावे इतके ते कधीच झाले नाही. म्हणजे रोज सकाळी शंकेस जागा होतीच, आणि रोज सकाळी तिला पीठ मळावयास बसावेच लागले. रानात इस्राएल लोकांस मान्ना मिळाला तोही असाच. उद्यासाठी राखून ठेवणाऱ्यांच्या मान्न्यात किडे पडले. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही आपण मागतो ती आजची भाकर. वर्षाचे धान्य एकदम कोठीत यावे व मग निश्चिंतपणे देवावर भरवसा ठेवावा, अशी आपली इच्छा असते; पण कोठी भरल्यावर भरवसा लागतोच कशाला?

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. पिठाचा चमत्कार चालू असतानाच त्या बाईचा मुलगा आजारी पडला व मेला. तिची शंका दुप्पट बळाने उसळली. माझ्या मुलास मारण्यासाठीच तू आलास काय, असे तिने संदेष्ट्यास विचारले. रोज सकाळी देवाचे औदार्य हातात घेऊन मळणारी ती बाई! एकदा भरवसा ठेवला म्हणजे पुढे शंका येणारच नाही, असे सांगणाऱ्यांनी हा अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न आम्हांस दर दोन-चार वर्षांनी ऐकावा लागतो. 2014 सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चमध्ये गारपीट झाली, ती द्राक्षबागायतदार विसरलेले नाहीत. ऑक्टोबरची छाटणी झालेली, औषधफवारणीवर कर्ज झालेले, मण्यांत पाणी उतरलेले, व्यापाऱ्याशी बोलणे झालेले, आणि अर्ध्या तासात घड मातीत. पुढेही अवकाळी पाऊस आलाच. अशा बागेत उभा राहून मनुष्य विचारतो, फादर, देव उदार आहे म्हणता, तो हाच काय?

त्यास आम्ही काय सांगावे? देव तुमची परीक्षा पाहत आहे, असे सांगणे सोपे असते. पण ते सांगणाऱ्याने आधी तासभर त्या मनुष्याबरोबर पडलेले घड उचलावे, मग बोलावे. एलियाने त्या बाईस स्पष्टीकरण दिले नाही. तिच्या कुशीतून मुलगा घेतला, माडीवर नेला, आपल्या अंथरुणावर निजविला, आणि तिचीच तक्रार आपल्या तोंडाने देवापुढे मांडली. तो संदेष्टा असूनही तिच्या शंकेत सामील झाला, व देवाने त्याचे ऐकले. वधस्तंभावर आपल्या प्रभूनेही पित्यास, मला का सोडलेस, असे विचारले आहे. तेव्हा बागेतल्या त्या मनुष्याच्या प्रश्नास देवाच्या घरात जागा नाही, असे कोणी म्हणू नये. आणि तारेवरून तुटलेल्या वेली पुन्हा बांधावयास शेजारी सावडीने येतात, कोणी काही महिन्यांकरिता रक्कम बिनव्याजी देतो, तेव्हा देवाचे दान माणसांच्या हातांतून येऊ लागते. मुठीमुठीने येते, म्हणून ते ओळखू येत नाही, इतकेच.

ह्या धर्मप्रांताचा इतिहासही असाच मुठीमुठीने घडलेला आहे. आज ज्यास अहिल्यानगर जिल्हा म्हणतात तेथे जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी दुष्काळाच्या त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, खेडोपाडी सेवाकार्य उभारले. राहुरी तालुक्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग ह्यांनी 1903 साली ‘निरोप्या’ मासिक काढले. 1907 साली ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले. मग 1914 चे महायुद्ध आले. जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांस स्थानबद्ध करण्यात आले व पुढे मायदेशी धाडण्यात आले. डोरिंगस्वामींचाही पुण्याशी संबंध तुटला. 1921 साली त्यांची नेमणूक दूर जपानात, हिरोशिमा येथे झाली. ज्यांनी जमीन नांगरली ते एकाएकी निघून गेले, आणि नुकताच बाप्तिस्मा घेतलेली खेडी मेंढपाळावाचून राहिली. त्या दिवसांत कोणा मास्तराने सायंकाळी दहा-बारा माणसांस जमवून प्रार्थना म्हटली असेल, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, ह्याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो. त्याच्या मडक्यात मूठभरच होते.

डोरिंगस्वामी 1927 साली पुन्हा पुण्याचे महागुरू म्हणून आले. स्विस येशूसंघीय आले, पुढे एतद्देशीय धर्मगुरू व धर्मभगिनी आल्या. ‘निरोप्या’ आजही निघतो. 1987 साली नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व थॉमस भालेराव हे पहिले महागुरुस्वामी झाले. 1914 साली हे कोणी भाकीत केले असते तर लोकांनी त्यास वेड्यात काढले असते. उद्या जी मंडळी हा महोत्सव साजरा करतील, त्यांतील कित्येकांच्या आजी-पणज्या त्या मेंढपाळावाचून राहिलेल्या खेड्यांतूनच नाशकास आलेल्या आहेत.

एका गैरसमजाबद्दल मात्र बोलले पाहिजे, कारण तो हल्ली फार पसरत आहे. देवास शंभर द्या म्हणजे तो हजार देईल, असे सांगत फिरणारे प्रचारक आपल्याही वस्तीत येतात. हा भरवसा नव्हे, ही सावकारी झाली. फरक इतकाच, की येथे कुळाच्या जागी देवास बसविले आहे. सारफथच्या विधवेने व्याज मागितले नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेस त्या परत मिळाल्या, असेही शुभवर्तमान सांगत नाही. देवाने आपणांस जे सर्वांत मोठे द्यावयाचे ते, म्हणजे आपला पुत्र, आपण काहीही देण्याआधीच दिले आहे. आणि रोज पवित्र मिस्सात आपण तो स्वीकारतो तोही नखाएवढ्या जाडीच्या लहानशा भाकरीच्या रूपाने.

आता व्यवहाराचे. येत्या रविवारपासून देवळाच्या दाराशी, पवित्र पाण्याच्या पात्राच्या डाव्या अंगास, धान्याची एक पत्र्याची कोठी ठेवण्यात येईल. ज्यास घालावयाचे त्याने मूठभर घालावे, पोते आणू नये. ज्यास न्यावयाचे त्याने कोणास न विचारता न्यावे, मग तो आपल्या धर्मग्रामाचा असो वा नसो. कोणी घातले व कोणी नेले ह्याची नोंद ठेवली जाणार नाही, व स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली आहे तशी ह्या कोठीची छापली जाणार नाही. पंधरा दिवसांत ती रिकामी होईल, असे कार्यकारी मंडळातील दोघा-तिघांनी आम्हांस आधीच बजावले आहे. झाली तर झाली. रिकामी कोठीही तेथेच राहील. पावसाळ्यात धान्यास कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालण्याचे काम माताभगिनींच्या मंडळाने पत्करले आहे.