शाहू मोडक : पडद्यावरचे ज्ञानोबा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आमचे गाव गंगाखेडच्या अलीकडे, गोदाकाठचे. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी. तेव्हा अभंग कानावर पडायला आम्हाला कुठे जावे लागले नाही. अब्बा शिंपीकाम करत. शेगावची पालखी पंढरपूरकडे निघाली की ते मशीन दारात आणून ठेवत आणि वारकऱ्यांच्या फाटक्या झोळ्या शिवून देत. पैसे घेत नसत. घेतलेच तर चहाचे.

जत्रेत टुरिंग टॉकीज यायचे. तंबूत एकच प्रोजेक्टर, त्यामुळे रीळ बदलताना दिवा लागायचा आणि तेवढ्यात शेंगा खाऊन व्हायच्या. १९७८-७९ च्या सुमारास तिथे मी ‘संत ज्ञानेश्वर’ पाहिला. चित्रपट १९४० चा, प्रभातचा. प्रिंट इतकी झिजलेली, की आळंदीतसुद्धा पाऊस पडतो आहे असे वाटे. पण भिंत चालू लागली तेव्हा बायकांच्या बाजूने सगळ्यांचे हात जोडले गेले. समाधीच्या वेळी आमची अम्मा पदर डोळ्याला लावून रडत होती. मी विचारले, तर म्हणाली, ‘‘इतनी कम उमर में गया रे बच्चा!’’

ते बच्चे म्हणजे शाहू मोडक. त्यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. घराणे मराठी ख्रिस्ती. ज्या नगरच्या ख्रिस्ती समाजात रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तावर मराठी अभंग रचले, त्याच समाजातले हे मूल. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३२ साली, भालजी पेंढारकरांनी त्याला ‘श्यामसुंदर’मध्ये कृष्ण केले. राधा होती शांता आपटे. दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनचा हा बोलपट मुंबईत पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. भारतातला पहिला रौप्यमहोत्सवी चित्रपट तोच, असे मानतात. पुढच्याच वर्षी ‘आऊट घटकेचा राजा’मध्ये मोडकांनी राजपुत्र आणि भणंग पोरगा अशा दोन्ही भूमिका केल्या. आपल्या बोलपटातली ती पहिली दुहेरी भूमिका सांगतात. कृष्ण तर त्यांना असा चिकटला, की आयुष्यभरात पंचवीस-तीस चित्रपटांत त्यांनी तो केला. विजय भट्टांच्या १९४२ च्या ‘भरत मिलाप’मध्ये ते भरत होते.

मला स्वतःला मात्र त्यांचा कृष्ण फारसा भावत नाही. गोड आहे, जरा जास्तच गोड. मला आवडतो तो ‘माणूस’मधला हवालदार गणपत. १९३९ चा हा चित्रपट व्ही. शांतारामांचा. वेश्यावस्तीवरच्या छाप्यात गणपत मैनाला वाचवतो आणि तिच्यात गुंतत जातो. मैना झाल्या होत्या शांता हुबळीकर. तिला गणपत आईसमोर नेऊन उभी करतो, तो प्रसंग पाहा. साधा, सरळ, थोडा भाबडा माणूस. लाज, प्रेम आणि खाकी गणवेश तिन्ही एकदम सांभाळताना त्याची उडणारी तारांबळ मोडकांनी नुसत्या मानेच्या हालचालीने दाखवली आहे. आणि याच माणसाला एका वर्षाच्या आत प्रभातने ज्ञानेश्वर केले! काल कोठीचा जिना चढणारा हवालदार आज इंद्रायणीकाठी डोळे मिटून बसतो आणि प्रेक्षक ते मान्य करतात. मोडकांच्या चेहऱ्यात आव नव्हता, म्हणूनच हे झाले असावे. ते संतपणा दाखवायला जात नाहीत. हळू बोलतात, समोरच्याकडे पाहतात, एवढेच.

आता माझी एक गोष्ट सांगतो. मी सातवीत होतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ज्ञानेश्वरांवर छोटे नाटक बसवायचे ठरले. माझे पाठांतर चांगले, उच्चार स्वच्छ. गुरुजींनी मला ज्ञानेश्वर केले. शाळेचे नाव सांगत नाही, गुरुजींचेही नाही. अब्बांनी माझ्या मापाची पांढरी कफनी शिवली. रात्री कंदिलाच्या उजेडात हातशिलाई केली, कारण मशीनची टीप संताच्या कपड्याला शोभत नाही म्हणे! कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गुरुजींनी मला बाजूला घेतले. काही मंडळींचे म्हणणे पडले होते, की ज्ञानोबा या पोराने करू नये. गुरुजी वाईट नव्हते. त्यांना माझ्या नजरेला नजर देता येत नव्हती, हे मला तेव्हाही कळले. भूमिका दुसऱ्या मुलाला गेली. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. संवाद त्याला येईनात, म्हणून मला पडद्यामागे उभे केले. मी सांगायचो, तो म्हणायचा. कफनी त्याच्या पोटरीपर्यंतच येत होती.

घरी आल्यावर अब्बा एवढेच बोलले, ‘‘नाप तो तेराइच था.’’

पुढे बी.ए.ला मराठी घेतले. एकदा ग्रंथालयात प्रभात कंपनीवरचा लेख वाचत होतो. ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक ख्रिस्ती होते, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. त्याच लेखात पुढे दिग्दर्शकांची नावे होती : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. मी ते नाव पुन्हा वाचले. फत्तेलाल कोल्हापूरजवळच्या कागलचे, प्रभातच्या संस्थापकांपैकी एक. कंपनीत त्यांना साहेबमामा म्हणत. नेपथ्य आणि कला हा त्यांचा मूळ प्रांत. १९३६ चा ‘संत तुकाराम’ही याच जोडीचा. म्हणजे माझी अम्मा तंबूत ज्या ज्ञानोबासाठी रडली, तो ज्ञानोबा एका ब्राह्मणाने आणि एका मुसलमानाने मिळून उभा केला होता आणि एका ख्रिस्ती तरुणाने वठवला होता. त्याच प्रभातने १९४१ मध्ये ‘शेजारी’ काढला. त्याच्या हिंदी ‘पडोसी’मध्ये हिंदू ठाकूर झाले मझहर खान आणि मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार. हे मुद्दाम उलटे केले होते.

मी ग्रंथालयातून बाहेर आलो तेव्हा मला आनंद झाला होता, असे म्हणवत नाही. रागच आला होता. १९४० साली पुण्यात जे चालले, ते चाळीस वर्षांनी आमच्या शाळेच्या पत्र्याच्या स्टेजवर का चालू नये?

मुसलमानाने ओवी लिहावी यात नवल काही नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांनी सतराव्या शतकातच ‘योगसंग्राम’ लिहून ठेवला आहे. तरीही कविसंमेलनात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक हटकून म्हणतात, ‘‘यांचे मराठी किती शुद्ध!’’ मी हसून नमस्कार करतो. तुमचेही बरे आहे, असे एकदा म्हणायचे राहून गेले आहे.

मोडकांना या गोष्टींचा त्रास झाला का, त्यांनी याबद्दल कुणाकडे मन मोकळे केले का, याचा मी पुष्कळ विचार करतो. त्यांची पत्नी प्रतिभाताई जैन घराण्यातल्या. मोडकांचे चरित्र त्यांनीच लिहिले. ज्योतिषाचा मोडकांचा अभ्यास दांडगा होता. ११ मे १९९३ रोजी ते गेले.

गेल्या वर्षी नातवाने मोबाइलवर ‘संत ज्ञानेश्वर’ लावून दिला. अम्मा आता ऐंशीच्या पुढे आहे, दिसते कमी. मोबाइल डोळ्याशी नेऊन तिने पाहिले आणि म्हणाली, ‘‘वोइच बच्चा है ना?’’ मग उशीवर डोके टेकून नुसते ऐकत राहिली. गॅदरिंगनंतर ती कफनी परत आली होती. मी घालणार नाही म्हटल्यावर अम्माने तिचे उशीचे अभ्रे केले. त्यातला एक अजून तिच्या डोक्याखाली आहे, हातशिलाईचा.