घरातील धूळ आणि बालकांचे आरोग्य



धूळ ही आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या नित्य परिचयाची. गुलमंडी, सराफा, शहागंज या जुन्या भागांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे पिढ्यानुपिढ्या नांदत आली. रस्त्यावरची धूळ दुकानात आणि दुकानातली माजघरात येणे ओघानेच आले. परंतु या धुळीत केवळ माती नसते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक अशा जड धातूंचे सूक्ष्म कण तिच्यात असू शकतात आणि त्यांचा सर्वाधिक उपद्रव होतो तो घरातील सर्वांत धाकट्याला.

रांगणारे मूल जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. शिवाय प्रौढांच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो, तर बालकाच्या बाबतीत तो निम्म्याच्या जवळ जाऊ शकतो. मेंदूची घडण चालू असतानाच हे घडते. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ साली मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या, पण दातांत शिसे अधिक असलेल्या मुलांची बुद्धी व एकाग्रता कमी आढळली. पुढे २००५ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र केले असता दिसले की, रक्तातील शिसे दर डेसिलीटरमागे सुमारे अडीच मायक्रोग्रॅमवरून दहापर्यंत चढले, तर बुद्ध्यांक जवळपास चार गुणांनी घटतो. त्यापुढील तितक्याच वाढीने होणारी घट मात्र त्याहून कमी. म्हणजे या व्यवहारात पहिला हप्ताच सर्वांत महाग! म्हणूनच ‘आमच्या मुलाला काही त्रास दिसत नाही’ हे समाधान फसवे आहे.

हे शिसे येते कोठून? एके काळी मोठा वाटा पेट्रोलचा होता. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हवेतील आणि मुलांच्या रक्तातील शिशाचा संबंध तपासला होता. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आले. त्यानंतर २००२ मध्ये मुंबईतील मुलांची तपासणी झाली, तेव्हा प्रमाण उतरलेले दिसले. तरीही सुमारे एक तृतीयांश मुलांच्या रक्तात ते दहा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक होते. पेट्रोल सुधारले, पण धातू काही कुजत नाही. जमिनीत व कोपऱ्यांत साचलेले शिसे तेथेच राहते आणि दुसरे उगमही चालूच असतात.

त्यांतील एक आपल्या दारालाच लागलेला आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल व हिरव्या रंगांत, शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक नसावे, हा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्यापूर्वीचे थर वाड्यांच्या चौकटींवर, खिडक्यांच्या गजांवर, पाळण्यांवर आहेतच. दसरा-दिवाळीच्या आधी रंगारी येतो, पॉलिश पेपरने जुना रंग कोरडाच घासतो, घरभर बारीक भुकटी उडते, आणि नातवंडे त्याच दालनात खेळत असतात. हौसेच्या सणाची ही तयारी वर्षातील सर्वांत घातक आठवडा ठरू शकते. रंग घासायचाच असेल तर पृष्ठभाग ओला करून घासावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि काम आटोपून खोली पुसून होईपर्यंत मुलांना व गर्भवती सुनेला आजोळी, माहेरी धाडावे. शाबूत रंग उगाच खरवडू नये. त्यावर नवा थर देणे बरे.

देवाच्या मूर्तीला चढणारा पारंपरिक शेंदूर हेही शिशाचेच संयुग. सुरम्याचेही बहुधा तेच. सराफ्यात डाग देण्यासाठी कॅडमियमचा वापर होत असे. ‘केडीएम’ हे नाव त्यावरूनच पडले. त्याचा धूर दागिना घेणाऱ्याच्या नव्हे, तर घडवणाऱ्याच्या फुप्फुसात जातो. जुन्या बॅटऱ्या फोडणारा मजूर किंवा कारखान्यातील कामगार कपड्यांवरून धूळ घरी नेतो आणि त्याचे मूल त्याच कपड्यांना बिलगते. आपल्या पेढीवरील, कारखान्यातील माणसांना कामाच्या जागीच हातपाय धुण्याची व कपडे बदलण्याची सोय देणे मालकाला फारसे खर्चाचे नाही.

घरात कोरड्या झाडूने धूळ उडते, जाते कमी. फरशी ओल्या फडक्याने पुसावी, फडके वारंवार धुवावे, पादत्राणे उंबऱ्याबाहेर ठेवावीत आणि जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. आहाराचाही संबंध आहे. शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आतडी शिसे अधिक ओढून घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. नाचणी, तीळ, डाळी, दूध आणि त्यांच्या जोडीला लिंबू अथवा आवळा हे मुलांच्या ताटात असावे.

शंका असल्यास बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने रक्तातील शिशाची तपासणी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार दर डेसिलीटरमागे पाच मायक्रोग्रॅम वा अधिक आढळल्यास उगम शोधून तो दूर करावा. शिसे बाहेर काढणारी औषधे प्रमाण फार वाढल्यावरच देतात. उगम दूर झाला की रक्तातील शिसे महिन्या-दीड महिन्यात निम्म्यावर येऊ लागते. हाडांत मुरलेले मात्र दशकानुदशके राहते आणि मुलगी मोठी होऊन गर्भवती झाली की तेथून पुन्हा रक्तात उतरते.